"भारी झालंय बे", आणि पुढं काय?

शॉर्टफिल्म बनवून सोलापुरात कुणालाही दाखवा, उत्तर ठरलेलं असतंय, "भारी झालंय बे". कॉलेजचं पोरगं असू दे नाहीतर साठीतले मामा, भारी म्हणणारच, वर चहा पण पाजतील. आणि या 'भारी'चं पुढं काहीच करता येत नाही हा प्रॉब्लेम आहे. कुठला सीन काढू, कुठला ठेवू, शेवट कळला का, यातलं काहीच त्यातून निघत नाही. म्हणून आम्ही त्या 'भारी'च्या मागं काय दडलंय ते लोकांकडून काढून घ्यायला काय काय केलं ते लिहितोय. मधेमधे शूटिंगचं पण येईल, कारण बजेट नसताना जे जुगाड करावे लागतात त्यातलेच निम्मे पुढं लोकांना खटकतात.

आधी गोष्ट सांगतो. एक म्हातारा, घराच्या मागच्या शेडमधे चार लूम (म्हणजे कापड विणायचे यंत्रमाग), जन्मभर त्या खटखटीत जेवला झोपला. मग लूम बंद पडतात आणि भंगारात जातात (ही गोष्ट सुचायला सोलापुरात डोकं लावावं लागत नाही, विणकरांच्या पूर्व भागात कुठल्याही बोळात शिरा). आता रात्री घर एकदम शांत आणि म्हाताऱ्याला झोप येत नाही. नात मोबाईलवर लूमचा आवाज लावून त्याच्या उशाशी ठेवते. बस एवढंच. पहिला कट, म्हणजे एडिट करून जोडलेली पहिली फिल्म, अकरा मिनिटांचा होता.

मी स्वतः एका टॉवेलच्या युनिटमधे डिस्पॅच बघतो, बाकीच्यांच्या पण नोकऱ्या, त्यामुळं शूटिंग रविवारी नाहीतर रात्री. कॅमेरा म्हणजे आमच्यातल्या ज्याचा मोबाईल त्यातल्या त्यात नवीन होता त्याचा मोबाईल. ट्रायपॉड लग्नाचे फोटो काढणाऱ्या मित्राचा, लग्नाची तिथी नसेल तेव्हाच मिळायचा. ट्रॅकिंग शॉटला टॉवेल वाहायची चाकाची ट्रॉली. उजेड मारायला टीव्हीच्या खोक्यातला थर्मोकोल. हे सगळं फुकट झालं, पण तरी शून्य बजेट हा शब्द खोटाच आहे, पेट्रोल आणि चहा कोण देणार? एक जण तर म्हणायचा की आपली फिल्म कडक भाकरी आणि शेंगा चटणीवर झालीय, ते अगदी खरं आहे, डबा सगळ्यांच्या घरून यायचा.

शूटिंगच्या वेळा आम्ही नाही ठरवल्या, नळानं ठरवल्या. आमच्याकडं पाणी रोज येत नाही हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम चालू, आणि शिवाय ज्या काकू आजीचं काम करणार होत्या त्या पाणी सोडून कॅमेऱ्यासमोर कशाला येतील. मग पाण्याच्या दिवशी शूटिंग बंद हा नियमच झाला. दुसरं उन्हाचं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधे दुपारी मोबाईल चालवून बघा, थोड्या वेळात फोन गरम झाल्याचा मेसेज दाखवतो आणि रेकॉर्डिंग बंद. कव्हर काढायचं, दोन टेकच्या मधे फोन कूलरसमोर धरायचा, ब्राइटनेस कमी करायचा, असं करत करत सकाळी नऊच्या आत उरकायचं. दिवसाचे सीन सगळे सकाळचेच आहेत त्यामुळं, कुणी विचारलं की "तो कोवळा उजेड मुद्दाम ठेवला का" तर हो म्हणायचं.

ट्यूबलाईटचं एक सांगतो कारण हे आम्हाला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आपल्याकडची लाईट ५० हर्ट्झची, म्हणजे साधी जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी जास्त होते, डोळ्याला दिसत नाही पण कॅमेऱ्याला दिसतं आणि स्क्रीनवर पट्टे सरकायला लागतात. मोबाईलच्या साध्या कॅमेऱ्यात शटर आपल्या हातात नसतो, म्हणून फुकटचं मॅन्युअल कॅमेऱ्याचं अॅप घ्यायचं, सेकंदाला २५ फ्रेम लावायच्या आणि शटर १/५० नाहीतर १/१०० सेकंदाला लॉक करायचा. पट्टे गेले. लूमचा स्लो मोशन मात्र विसरा, ट्यूबखाली २४० फ्रेमला घेतला तर सगळी शेड डिस्कोसारखी लुकलुकते, तो शॉट घ्यायचा तर दार उघडून दिवसा.

म्हाताऱ्याच्या कामाला आधी नाटकातले एक काका घेतले होते. सोलापुरात राज्य नाट्य स्पर्धेत काम केलेली माणसं भरपूर, हाक मारली की येतात, पैसे मागत नाहीत. काका फार चांगले नट आहेत, पण हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय, ती खाटेवर झोपून पुटपुटायच्या सीनमधे पण जाईना. त्यांनाच ते जाणवलं, म्हणाले, "माझं राहू दे, तुम्ही खरा लूमवाला बघा." मग एका मित्राचे मामा तयार झाले, चाळीस वर्षं लूम चालवलेले, घरात तेलुगू बोलणारे. त्यांना डायलॉग दिलेच नाहीत. नातीशी ते तेलुगूत बोलतात आणि नात मराठीत उत्तर देते, पूर्व भागात घरोघरी असंच चालतं, ते तसंच ठेवलं.

आवाज ही आमच्या फिल्मची खरी डोकेदुखी, कारण गोष्टच आवाजाची. चालू शेडमधे मोबाईल धरला की आवाज फाटतो, म्हणजे इतका मोठा असतो की माईक झेपवू शकत नाही, नुसती खर्रर्र ऐकू येते. माईकवर रुमाल बांधून बघितला, थोडा फरक पडला. शेवटी फोन शेडच्या बाहेर, भिंतीपलीकडच्या खोलीत ठेवून रेकॉर्ड केलं तर एकदम गोड आवाज आला, आणि नंतर लक्षात आलं की म्हातारा जन्मभर भिंतीपलीकडूनच तर ऐकत होता. बोलण्याचा आवाज दुसऱ्या फोनला कॉलरचा माईक लावून घेतला, टेकच्या आधी टाळी वाजवायची आणि एडिटला ती टाळी जुळवायची. पण मोठ्या टेकमधे सुरवातीला जुळलेले ओठ शेवटी शेवटी मागं पडायला लागले. कारण असं निघालं की मोबाईल व्हिडिओ सगळा एकसारख्या फ्रेमरेटनं रेकॉर्ड करत नाही, कमी जास्त करतो. हँडब्रेक नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, त्यातून सगळ्या क्लिप कॉन्स्टंट २५ फ्रेमच्या करून घेतल्या तेव्हा सुटलो.

एडिट डाविंची रिझॉल्व्हच्या फुकट व्हर्जनवर, फ्लेक्स छापणाऱ्या मित्राच्या दुकानात, कारण ग्राफिक कार्डवाला पीसी आमच्या ओळखीत फक्त त्याच्याकडं. रात्री शटर ओढल्यावर बसायचं. जयंती किंवा कुणा नेत्याचा वाढदिवस जवळ आला की आठ आठ दिवस पीसी मिळायचा नाही, आणि सोलापुरात तर कायमच कुणाचा तरी वाढदिवस जवळ असतोय.

तर असा पहिला कट झाला आणि 'भारी' चालू झालं.

पहिली गोष्ट आम्ही केली ती म्हणजे "कशी वाटली" हा प्रश्न बंद. समोरच्याला त्याचं एकच उत्तर देता येतं बिचाऱ्याला, तुमचं तोंड बघून कोण वाईट बोलणार. त्याऐवजी फोन हातात द्यायचा, इअरफोन द्यायचा आणि समोर न बसता शेजारी बसायचं. आणि माणसाचा अंगठा बघायचा. कंटाळा आला की माणूस अंगठा स्क्रीनला लावतो, खाली किती वेळ राहिलाय ते बघायला. तोंडानं काही म्हणू दे, अंगठा खोटं बोलत नाही. तो मिनिट वहीत लिहायचा. मित्र, मावशी, युनिटमधला वॉचमन, दाढी करणारा, सगळ्यांचे अंगठे लिहिले आणि बहुतेकांचा पहिला अंगठा पहिल्याच मिनिटात पडत होता.

पहिल्या मिनिटात काय होतं? सोलापूर होतं. सिद्धेश्वरचा तलाव, मिलची जुनी चिमणी, नवी पेठेतली गर्दी, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरच्या यात्रेतले नंदीध्वज आणि किल्ल्याचा बुरूज (किल्ला पुरातत्त्व खात्याकडं आहे, ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते, म्हणून हातात धरून घेतलेला). आता गंमत बघा, गच्चीवर सगळ्या गल्लीला एकत्र दाखवली तेव्हा याच मिनिटाला शिट्ट्या पडल्या. "आपला गड्डा बे!" असं पोरं ओरडली. आणि तीच पोरं एकटी बघताना तिथंच अंगठा लावत होती. पुण्यात एडिटिंग करणाऱ्या एका ओळखीच्या ताईंना लिंक पाठवली तर त्यांचं एका ओळीत उत्तर, "तुमची फिल्म खाटेपासून सुरू होते, त्याआधीचं सगळं काढा." यावर आमच्यात लई भांडण झालं. मला वाटतं शिट्टी गड्ड्याला होती, फिल्मला नव्हती, आणि शेवटी काढलं सगळं. शेजारचे काका अजून विचारतात, "किल्ला का काढला रे?" त्यांना समजावता येत नाही.

दुसरी गोष्ट, बघून झालं की म्हणायचं, "आता मला गोष्ट सांगा". मत नको, गोष्ट. हे सांगताना लोक लाजत नाहीत, आणि मग कळतं की तुम्ही काय बनवलं आणि त्यांनी काय बघितलं. आमच्याकडं निम्म्या लोकांनी सांगितलं की शेवटी आजोबा वारतात! आम्ही थंड. आमच्या मते आजोबांना झोप लागते, सुखाचा शेवट आहे. पण मामांनी डोळे मिटले, आम्ही चेहऱ्यावर भरपूर वेळ थांबलो, आणि लूमचा आवाज हळूहळू कमी करत बंद केला. सिनेमे बघून बघून लोकांना एवढं पाठ आहे की डोळे मिटले आणि आवाज गेला म्हणजे माणूस गेला.

यावर उपाय सांगायला मात्र सगळे तयार. एक म्हणाला नातीला डायलॉग द्या, "झोपले एकदाचे". एक म्हणाला खाली पट्टी टाका. मावशी म्हणाली सकाळी चहा पिताना दाखवा की. सगळे उपाय करून बघितले कागदावर, सगळेच शेवटाची माती करत होते. आम्ही आवाज बंदच केला नाही, चालू ठेवला, आणि त्यात मामांचं घोरणं टाकलं. लोक हसतात आता तिथं, आणि वारलं कुणी म्हणत नाही. घोरणं मामांचं नाहीय बरं का, मामा म्हणाले "मी घोरत नाही" आणि मामी आतून हसल्या, तरी रेकॉर्डिंगला मामा बसेनात, मग आमच्या कॅमेरावाल्याच्या वडलांचं रात्री गुपचूप रेकॉर्ड केलं. सकाळी सांगितलं त्यांना, परवानगी दिली, पण टायटलमधे नाव नको म्हणाले.

त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. लोक अडकतात ती जागा बरोबर असते, त्यावर सुचवतात तो उपाय बहुतेक वेळा चुकीचा असतो. एकटा माणूस अडकला तर लिहून ठेवायचं आणि सोडायचं, पण एकमेकांना न ओळखणारे तिघं एकाच जागी अडकले तर तिथं काहीतरी आहेच. उपाय आपला आपण शोधायचा, त्यांनी ती फिल्म एकदा बघितलीय, आपण दोनशे वेळा.

सगळ्यात कामाचं शो मात्र लूमवाल्यांचं झालं. मामांनीच त्यांच्या ओळखीच्या पाच सहा जणांना बोलावलं, कुणी चालू लूमवाले, कुणी आता रिक्षा चालवणारे. लॅपटॉपवर दाखवली. दुसऱ्याच मिनिटाला एक अण्णा म्हणाले, "हा धोट्याचा लूम न्हाय, हा रेपियर हाय." आवाज आम्ही एका मोठ्या युनिटमधून घेतलेला, तिथं नवीन मशीन, त्यात धोटा (सूत घेऊन इकडून तिकडं धावणारा) नसतोच, सूत पलीकडं नेणारी पट्टी असते, त्यामुळं तो ठोका पडत नाही. आणि आमच्या म्हाताऱ्याच्या शेडमधे दाखवलेले चादरीचे जुने धोट्याचे लूम. मुंबई पुण्याच्या कुणालाही हे आयुष्यात कळलं नसतं. पण ज्यांची गोष्ट आहे त्यांच्या कानाला ते पहिल्या झटक्यात खोटं वाटलं, मग काय, धोट्याचे चालू लूम शोधत फिरलो, अण्णांनीच पत्ता दिला, परत भिंतीपलीकडं फोन ठेवून रेकॉर्ड केलं.

दुसरा एक जण म्हणाला, "चाळीस वर्षं लूमवर काढलेल्या माणसाला मोबाईलचा एवढासा आवाज ऐकू येतोय होय?" आणि हे तर आमच्या डोक्यातच आलं नव्हतं! शेडमधे एकमेकांशी हातवारे करून बोलतात हे लोक, बऱ्याच जणांना उतारवयात कमी ऐकू येतं, मामांशी बोलताना आम्ही स्वतः ओरडून बोलायचो, तरी गोष्टीत ते कुठं आलं नाही. त्याचा उपाय होता, "ब्ल्यूटूथ स्पीकर दाखवा, मोठा." तो काही आम्हाला पटेना, त्या घरात तो स्पीकर कुठून येणार. मग नात फोन स्टीलच्या पातेल्यात ठेवते. पातेल्यात फोन ठेवला की आवाज घुमून मोठा होतो, आपण सगळ्यांनी केलेलं असतं घरी. आता आधी ती फोन उशाशी ठेवते, म्हातारा तसाच जागा, ती स्वयंपाकघरात जाते, भांड्यांचा आवाज येतो, पातेलं घेऊन येते. फिल्ममधला सगळ्यात चांगला सीन हाच आहे असं मला वाटतं, आणि तो पहिल्या कटमधे नव्हताच.

त्याच दिवशी मामा स्वतः काय म्हणाले ते पण सांगतो. पूर्ण बघितली, आणि शांतपणे म्हणाले, "लूम गेल्यापासनं मला बरी झोप लागती." झालं का! सगळी गोष्टच गेली की. यावर दुसरे अण्णा म्हणाले "तुला लागत असंल, मी वर्षभर रात्री उठून बसत होतो", आणि मग त्यांची आपापसात तेलुगूत जी जुंपली ती अर्धा तास, आम्हाला निम्मी कळली. मामांचं बोलणं मी वहीत लिहिलंय, त्यावर काही केलं नाही. करता येण्यासारखं होतं असं पण वाटत नाही.

म्युझिकचं थोडक्यात. सुरवातीला एका सिनेमाचं बॅकग्राउंड लावलं होतं, यूट्यूबवर टाकल्याबरोबर कॉपीराईट क्लेम आला. यूट्यूबची स्वतःची फुकट ऑडिओ लायब्ररी आहे, तिथलं काही जमेना. ओळखीच्या हलगीवाल्याकडून हलगी रेकॉर्ड केली, फार मस्त वाजवली त्यानं, आणि शेवटी ती पण काढली, कारण लूमच्या ठोक्यावर आणखी ठोका कशाला. त्याला वाईट वाटलं. पुढच्या फिल्मला त्याचंच म्युझिक घ्यायचं कबूल केलंय.

बाहेरच्या लोकांकडून फीडबॅक मागायचा असेल तर दोन गोष्टी अनुभवानं सांगतो. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ तसाच पाठवू नका, तो दाबून लहान करून पाठवतो आणि अंधारातला सीन नुसता चिखल होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर यूट्यूबची अनलिस्टेड लिंक द्या (लिंक असेल त्यालाच दिसते). आणि "बघून सांगा" असं मोघम लिहिलं तर कुणी उत्तर देत नाही, एकच प्रश्न विचारायचा, म्हणजे "आजोबांना कमी ऐकू येतं हे तुम्हाला कुठल्या सीनला कळलं?" असं. याला उत्तरं येतात, अनोळखी माणसांची पण येतात. आणि हो, ज्याच्याकडं मागताय त्याची फिल्म आधी बघा की राव, बघून त्याला काहीतरी कामाचं सांगा, मग मागा.

फेस्टिव्हलचं अजून शिकतोय. फिल्मफ्रीवे या फेस्टिव्हलला फिल्म पाठवायच्या वेबसाईटवर गेलं की शेकडो फेस्टिव्हल दिसतात, बऱ्याच जणांची फी डॉलरमधे, आमच्या बजेटला ती फी हाच सगळ्यात मोठा खर्च. त्यात दर महिन्याला भरणारे ऑनलाइन फेस्टिव्हल असतात, फी भरली की जवळजवळ सगळ्यांना पानाफुलांचा लोगो मिळतो पोस्टरवर लावायला, एक मिळवला आम्ही पण, घरचे खुश झाले, फिल्म मात्र तिथं कुणी बघितली असेल असं वाटत नाही. अंगठा बघायला पण कुणी नव्हतं म्हणा. मुंबईचा मिफ (मुंबई इंटरनॅशनल फिल्म फेस्टिव्हल) १९९० पासून आहे, डॉक्युमेंटरी, शॉर्टफिल्म आणि अॅनिमेशनसाठीच असतो, दर दोन वर्षांनी, तिथं पाठवायचं डोक्यात आहे. त्यासाठी फिल्म पब्लिक केली नाही अजून, काही फेस्टिव्हलना आधी सगळ्यांना दाखवलेली फिल्म चालत नाही. इंग्रजी सबटायटल मी केले होते, ते एका इंग्रजीच्या मॅडमना दाखवले, त्यांनी सगळे बदलले. फिल्म आता सात मिनिटांची आहे, पातेल्याचा सीन धरून.

नवीन गोष्टीचं चालू आहे. विडी वळणाऱ्या बायकांची आहे, कारखान्यात माल द्यायला गेल्यावर तिथं विड्या तपासून नापास करतात त्यावरची. या वेळी कॅमेरा काढायच्या आधीच गोष्ट तोंडी सांगत सुटलोय, सात रस्ता चौकात चहा पिताना, युनिटमधे जेवताना, जो समोर येईल त्याला, पाच मिनिटांत. सांगायला काही खर्च नाही आणि ऐकणाऱ्याचा हात खिशातल्या मोबाईलकडं कधी जातो ते दिसतंच. नवऱ्याचं दारूचं उपकथानक होतं, तिथं सगळ्यांचेच हात गेले, ते काढलंय. परवा विडी वळणाऱ्या एका अक्कांना सांगितली, त्यांनी मधेच थांबवून विचारलं, "ती पोरगी पानं भिजवते कधी ते दाखवलं न्हाईस." तो सीन लिहायला घेतलाय.